शेरा : सहकार्य नाही

पाय

आठवडाभर आधी पोट बिघडलं होतं, तेवढंच. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मुलीला, सईला, घेऊन टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा उतरताना माझे गुडघे दोनदा आपोआप वाकले. सई हसून म्हणाली, "आई, म्हातारी झालीस तू." मीही हसले.

दोन दिवसांनी, गुरुवारी, सेंटरमध्ये एका छोट्या मुलीबरोबरचं सेशन संपलं आणि मला जमिनीवरून उठता येईना. भिंत धरली, खुर्ची धरली, तरी पाय सतरंजीवरच. ती मुलगी माझ्याकडे न बघता माझ्या चपलेचा पट्टा उघडत-मिटत बसली होती. शेवटी निकितानं, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीनं, काखेत हात घालून मला उभं केलं.

माझं काम आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. ऑटिझम असलेल्या मुलांना मागायला, थांबायला, बोलायला शिकवणं हा माझा व्यवसाय. लोक त्याला बिहेवियर थेरपी म्हणतात, पुस्तकात वर्तन-विश्लेषण असा शब्द आहे. मूल काय करतं, कशानंतर करतं, त्यातून त्याला काय मिळतं, हे बघायचं, मोजायचं आणि त्याप्रमाणे बदल घडवायचा. देवासला पहिल्या मजल्यावर आमचं छोटं सेंटर आहे. शनिवारी मी धारला, माहेरी जायचे. आईच्या घराशेजारच्या खोलीत तिथली मुलं यायची. चौदा वर्षं हे केलं. मी कडक आहे अशी माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची.

त्या संध्याकाळी देवासच्या डॉक्टरांनी बी-ट्वेल्वच्या गोळ्या दिल्या. शुक्रवारी सकाळी माझ्या हातातून कंगवा गळून पडला. तो उचलायला वाकले ती पडलेच. सुनीलनं, माझ्या नवऱ्यानं, फॅक्टरीत फोन करून सुट्टी घेतली आणि आम्ही इंदूरला निघालो.

मी तिथेच होते

एका तरुण डॉक्टरनं माझ्या गुडघ्यांवर छोट्या हातोडीनं ठोकलं. पाय हलला नाही. त्यानं पुन्हा ठोकलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. पाठीतून पाणी काढलं, हातापायांना बारीक झटके देऊन नसा तपासल्या. दुपारी मोठे डॉक्टर माझ्या पलंगाशी आले आणि सुनीलकडे बघून म्हणाले, "जीबीएस है. बॉडी की इम्युनिटी अपनी ही नसों पर उलट गई है. ठीक होने वाली बीमारी है, पर उतरने से पहले ऊपर चढ़ेगी."

"ऊपर मतलब?" सुनीलनं विचारलं.

"पैर, हाथ, फिर साँस."

मी म्हणाले, "डॉक्टर, मला... मुझे बताइए, कितने दिन?"

ते सुनीलला म्हणाले, "मैडम को ज़्यादा टेंशन मत दीजिए," आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मला आठवतं, मला भीतीपेक्षा आधी राग आला. मी तिथेच होते. माझं डोकं शाबूत होतं, जीभ चालत होती. तरी माझ्याबद्दलचं बोलणं माझ्या अंगावरून पलीकडे गेलं. सुनील बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी नारळपाणी घेऊन आला. डोळे लाल होते. "सगळं ठीक होणार आहे, मंजू," म्हणाला. तो नारळ मला धरता आला नाही. त्यानं तो माझ्या तोंडाशी धरला आणि थोडं पाणी माझ्या गळ्यावर सांडलं. दोघांनीही ते पुसलं नाही.

आयसीयूत नर्स दर दोन तासांनी येऊन सांगायची, एका श्वासात जितके आकडे मोजता येतील तितके मोजा. पहिल्या दिवशी मी एकतीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अठरा. तिसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत पोचले आणि माणसांची धावपळ सुरू झाली. माझ्या स्वतःच्या आवाजात मी शेवटचं जे बोलले ते 'सात'. त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी काहीही बोलले नाही.

दिवस

ज्यांच्या घरचं माणूस श्वासाच्या मशीनवर आहे त्यांना सांगते : ते झोपलेलं नसतं. निदान मी नव्हते. पापण्या अर्ध्या मिटलेल्या असायच्या, कारण त्या पूर्ण मिटायची किंवा उघडायचीही ताकद नव्हती. त्या फटीतून मी छताचा एक चौकोन बघायचे. ऐकू मात्र सगळं यायचं.

सकाळी अंग पुसणं, चादर बदलणं. मग राउंड. मग फिजिओथेरपी. दोन-दोन तासांनी कुशीवर वळवणं. आणि दिवसातून कितीतरी वेळा सक्शन. घशात घातलेल्या श्वासाच्या नळीतून आणखी एक बारीक नळी आत घालून कफ ओढून काढतात. त्या वेळी छाती आतून खरवडल्यासारखी होते आणि डोळ्यांतून पाणी येतं. ते पाणी बघून एक नर्स दुसरीला म्हणाली, "रिफ्लेक्स है, कुछ नहीं." तेही मी ऐकलं.

बोलत नाही म्हणजे समजत नाही, असं जवळजवळ सगळ्यांनी धरलं होतं. काही जण माझ्याशी मोठ्यानं, तुकडे पाडून बोलायचे. बाकीचे माझ्यादेखत लग्नाच्या साड्यांबद्दल, सुट्ट्यांबद्दल बोलायचे आणि बोलता बोलता माझा हात उचलून बाजूला ठेवायचे, जसं टेबलावरचं काहीतरी सरकवावं.

सुगनबाई एकटीच वेगळी होती. अंग पुसायला यायची. खातेगांवकडच्या कुठल्याशा गावची, शाळेत न गेलेली, पन्नाशीची. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. पण ती प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायची. "जीजी, अब डावा हाथ उठा री हूँ. पाणी थोड़ो ठंडो है." मग क्षणभर थांबायची. मी नाही म्हणू शकत नव्हते, हो म्हणू शकत नव्हते, तरी थांबायची. मग हात उचलायची. दिवसातली ती वीस मिनिटं माझं अंग माझं असायचं.

चौदा वर्षांत मी किती मुलांचे हात धरून त्यांच्याकडून कोडी जुळवून घेतली, टाळ्या वाजवून घेतल्या. एकदाही आधी सांगितलेलं मला आठवत नाही.

क, ल

दुसऱ्या आठवड्यात गळ्याला भोक पाडून नळी तिथून घातली. तोंड मोकळं झालं, पण आवाज नाही. सुनीलनं बाजारातून अक्षरांचा तक्ता आणला. तो बोट फिरवायचा, हवं ते अक्षर आलं की मी डोळे मिटायचे, तेवढं आता जमायला लागलं होतं. एका शब्दाला दहा मिनिटं लागायची.

त्या दिवसांत माझ्या पोटऱ्यांमधून, पाठीतून कळा येत होत्या. या आजारात नसा अशा दुखतात की चादरीचं वजनही सोसत नाही. मी 'क'वर डोळे मिटले. पुढे 'ळ' हवा होता. तक्ता हिंदी होता, त्यात ळ नव्हता. म्हणून मी 'ल'वर डोळे मिटले.

"कल?" नर्स म्हणाली. "कल क्या, मैडम? कल डॉक्टर साहब आएँगे. हाँ, आएँगे."

मी पुन्हा केलं. क, ल.

"कल," सुनील म्हणाला. "उद्या सई येणारे, ते विचारतेय. हो गं, येणारे उद्या."

सुनीलचं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. त्याचा काही दोष नव्हता. 'दर्द' का नाही सांगितलं, असं लोक मला आता विचारतात. अर्धा र कुठे दाखवायचा? आणि दोन अक्षरांनंतर माझे डोळे थकून आपोआप मिटायचे, मग तेही चुकून 'हो' धरलं जायचं. शिवाय इतकं दुखत असताना भाषा निवडायचं सुचत नाही. जे आतून येतं तेच येतं.

चार दिवस मी क, ल करत राहिले. चार दिवस मला सगळे उद्याबद्दल आश्वासन देत राहिले.

पाचव्या दिवशी धारहून आई आली. सुनीलनं तिला चार दिवसांपासूनचं 'कल' सांगितलं. तिनं तक्ता हातात घेतला, बोट फिरवलं, मी त्याच दोन अक्षरांवर डोळे मिटले. तिनं तक्त्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"कल नव्हे," ती म्हणाली. "कळ. कळ येत्ये का तुला?"

मी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले नाहीत. आई नर्सकडे वळून तिच्या जुन्या हिंदीत म्हणाली, "इसको दर्द है. चार दिन से दर्द बोल रही है यह." त्या संध्याकाळी औषध बदललं.

टक्

तिसऱ्या आठवड्यात मान थोडी हलायला लागली आणि जिभेनं टाळूवर टक् असा आवाज काढता यायला लागला. माझ्याकडे तेवढीच एक हाक होती. नळी ओढली गेली की टक्. कफ दाटला की टक्. पाय चुकीचा वळलाय, टक्. आणि कधी कधी नुसती भीती वाटली म्हणूनही टक्. हे कबूल करते.

त्याच सुमाराला मशीन कमी करायचे प्रयत्न सुरू झाले. मशीनची मदत थोडी थोडी कमी करून मला स्वतः श्वास घ्यायला लावायचे. पहिल्या दोन वेळा मी घाबरले आणि मान जोरात हलवत राहिले. तेव्हा माझ्या कागदावर काय लिहिलं गेलं ते मी खूप नंतर वाचलं. इंग्रजीत, तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच शेरा होता : पेशंट सहकार्य करत नाही.

एका दुपारी मुख्य नर्सबाई सुनीलला म्हणाल्या, "सर, हर आवाज़ पे मत जाइए. अटेन्शन के लिए करती हैं. आदत पड़ जाएगी, फिर मशीन नहीं छूटेगी."

सुनीलनं मान डोलावली. हे वाक्य त्याला नवं नव्हतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं ते माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. मूल लक्ष वेधून घ्यायला रडत असेल तर लक्ष द्यायचं नाही. नजर द्यायची नाही. एकदा दिलं की सगळी मेहनत वाया.

तास-दीड तासानं नळीत कफ अडकला. पूर्ण नाही, थोडी हवा येत होती, म्हणून मशीनही गप्प होतं. मी टक् केलं. सुनील पलंगाच्या पायथ्याशी, चार पावलांवर होता. त्यानं ऐकलं, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. तो खिडकीकडे वळला. मी पुन्हा केलं, पुन्हा केलं. त्यानं हात मागे बांधले. अगदी बरोबर करत होता तो. मी कुणालाही शिकवलं असतं तसंच. मग माझी जीभ वळेना. त्याचा निळा शर्ट आणि त्यापलीकडचा उजेड एकमेकांत मिसळले, आणि कुठेतरी लांब मशीन वाजायला लागलं.

मला परत आणलं. किती वेळ गेला माहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा सुनील माझ्या उशाशी उभा होता, दोन्ही हातांनी पलंगाची दांडी धरून. त्यानंतर माझ्या प्रत्येक आवाजाला तो धावत यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर तीच भीती असायची. ती बघून मी टक् करणं कमी केलं.

तनू

छताकडे बघत पडलेल्या माणसाला आठवणींची निवड करता येत नाही. मला तनू आठवायला लागली.

तनू धारची. सहा वर्षांची होती तेव्हा, बोलत नव्हती. तिची आई शुभांगी तिथल्याच एका शाळेत शिकवते. तनू माझ्याकडे वर्षभर येत होती आणि छान चाललं होतं. मग अचानक तिनं स्वतःच्या डाव्या गालावर मारायला सुरुवात केली, आणि आईकडे बघून किंचाळायचं. मी तीन दिवसांच्या नोंदी काढायला लावल्या. आई जवळ आली की मारणं थांबतं, आई दूर गेली की सुरू. मी निष्कर्ष काढला : लक्ष वेधण्यासाठी.

"दुर्लक्ष करायचं," मी शुभांगीला सांगितलं. "फार लागेल इतकं मारलं तर मध्ये उशी धरा, पण तिच्याकडे बघू नका, बोलू नका."

"मॅडम, मला वाटतं तिला काहीतरी होतंय," ती म्हणाली होती.

"सगळ्या आयांना असंच वाटतं."

दुसऱ्या शनिवारी मी गेले तेव्हा कळलं की तिनं मध्येच दोनदा तनूला जवळ घेतलं होतं. मी नाराजी लपवली नाही. वहीत लिहिलं, 'आई सहकार्य करत नाही.' ते अक्षर माझंच आहे, ती वही अजून कपाटात आहे.

सोळा दिवसांनी तनूचा गाल सुजला, ताप चढला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. शुभांगीचा फोन आला, "मॅडम, दाढ होती." मी म्हणाले, "अच्छा. बरं झालं कळवलंत. मग मागच्या नोंदी आपण धरायच्या नाहीत." एवढंच म्हणाले. दुखणं आधी तपासून घ्यायचं असतं, हे आमच्या विषयात अगदी सुरुवातीला शिकवतात. मला ते पाठ होतं. पुढच्या महिन्यापासून तनू यायची बंद झाली आणि मी तिच्या जागी दुसरं मूल घेतलं.

घर

अडीच महिन्यांनी देवासला घरी आले. हॉलमध्ये पलंग मांडला होता. गळ्यावरचं भोक बुजत होतं, आवाज घोगरा, हात थरथरते, पाय पुढून लोंबणारे. घरी आलं की सुटलो असं वाटतं, पण माझ्या अनुभवात खरा ताण तिथून सुरू होतो. दवाखान्यात सगळ्यांनी श्वास रोखून धरलेला असतो. घरी तो सुटतो.

सई नववीत होती. माझा डबा, माझं पॉट, माझी वेणी तिच्याकडे आली. एकदा वेणी घालता घालता ती म्हणाली, "तिकडे तू रडायचीस ना, तेव्हा बाबा मला आत येऊ देत नव्हते. मला वाटायचं तू मरून गेलीस आणि कोणी सांगत नाहीये." मी मागे वळू शकत नव्हते. तिनं वेणीला रबर लावलं आणि अभ्यासाला गेली.

सुनील आणि मी त्या दुपारबद्दल बोललो नव्हतो. मग एक दिवस तो मला भरवत होता, चमचा जरा लवकर तोंडाशी आला आणि मी त्याचा हात झटकला. खिचडी चादरीवर सांडली. "थांबता येत नाही का तुला? माणूस आहे मी," मी ओरडले, म्हणजे माझ्या त्या आवाजात जमेल तितकं.

तो चादर गोळा करत म्हणाला, "तूच शिकवलंस."

"काय?"

"नाही बघायचं. नाही जायचं. तूच शिकवलेलं केलं मी, मंजू. आणि तू मेली असतीस."

मग तो चादर हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसला. मला पलंगावरून खाली उतरता येत नव्हतं. आम्ही दोघं रडलो, पण एकमेकांजवळ नव्हतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आजारपणात नवरा-बायको जवळ येतात असं मी लिहू शकत नाही. आम्ही आत्ता कुठे येतोय, हळूहळू.

धार

सहा महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा मी आईला सांगितलं की मला शुभांगीला भेटायचंय. आई म्हणाली, "आधी फोन कर. ती नको म्हणाली तर नको."

मी शुभांगीला फोन केला. "या," ती म्हणाली. "पण तनूला भेटायचं असं धरून येऊ नका."

दादानं, माझ्या भावानं, गाडीतून सोडलं. तनू ओसरीत बसून बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत होती. नऊ वर्षांची झाली होती, उंच. माझा आवाज बदललेला, केस नुकतेच कापलेले, वजन निम्मं. मला वाटलं ओळखणार नाही. मी फक्त "तनू" म्हणाले. तिनं वर बघितलं. डावा हात गालावर ठेवला, उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

शुभांगीनं मला खुर्ची दिली. पाणी दिलं. माझ्या थरथरत्या हाताकडे बघून पेला अर्धाच भरला होता. मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. माझं काय झालं, मला काय कळलं, मी तिचं ऐकलं नाही, वहीत काय लिहिलं. "माझी चूक होती. मी तेव्हा माफीसुद्धा मागितली नाही. आता मागते."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुम्ही शनिवारी यायच्या आणि जायच्या," ती म्हणाली. "पाठ तर मी फिरवली ना. मी आई होते. मला समजत होतं. तरी सोळा दिवस मी किचनमध्ये तोंड फिरवून उभी राहायची आणि घड्याळ बघायची. आता तिला काही दुखलं ना, तर ती माझ्याकडे येत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. मी जवळ गेले तर उठून दुसऱ्या भिंतीकडे जाते."

मी पेला खाली ठेवला.

"तुम्ही आलात ते बरं केलं," ती म्हणाली. "पण याचं मी काय करू, ते मला माहीत नाही." ओसरीतली झाकणं तिनं उचलली नाहीत. ओळ मोडणार नाही अशा बेतानं त्यांना वळसा घालून ती मला गाडीपर्यंत पोचवायला आली.

पुढचं

आता मी आठवड्यातून दोन दिवस सेंटरला जाते. जिना चढायला दहा मिनिटं लागतात. जमिनीवर बसता येत नाही, म्हणून मुलांबरोबरचं काम बंद. निकितासारख्या शिकाऊ मुलींना शिकवते फक्त. आमचा विषय वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यातून बोलायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. पण मोजायचं कसं हे मला दोन वर्षं शिकवलं गेलं, आणि समोरच्या आईचं ऐकायचं कसं, मुलाला हात लावण्याआधी थांबायचं कसं, हे एक तासही नाही. मीही पुढच्यांना शिकवलं नाही. मी स्वतःबद्दल सांगते तेव्हा मुली ऐकतात, डोळे पुसतात आणि मॅडमचा आजार केवढा भयंकर होता असं म्हणतात. मला ते नको असतं.

म्हणून मी शुभांगीला विचारलं, याल का, या मुलींशी बोलाल का. ती नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला. "किती जणी आहेत?"

"चार."

"मी रविवारी येते. बसनं येईन."

धारहून इंदूर, तिथून बस बदलून देवास. घामेजलेली आली, पाणी प्यायली आणि खुर्चीत ताठ बसली, वर्गात बसते तशी. मी मुलींच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. ती दहा-बारा मिनिटं बोलली असेल. आवाज चढवला नाही, रडली नाही. गालावर मारणं, किचनमधलं घड्याळ, सूज, दवाखाना, भिंत. माझं नाव घेतलं नाही, 'मॅडम' एवढंच म्हणाली, आणि चारही मुलींना कोण ते माहीत होतं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी निकितानं विचारलं, "आंटी, फिर हमें क्या करना चाहिए था?"

शुभांगीनं विचार केला. "मुझसे पूछना था," ती म्हणाली. "मुझे भी पता नहीं था कि दाढ़ है. पर आप बैठकर पूछतीं, तो मैं बताती कि वो खाना एक ही तरफ़ से चबा रही है."

ही गोष्ट मलाही तिनं तोवर सांगितलेली नव्हती. मी कधी विचारलीच नव्हती.

निकिताकडे त्या आठवड्यात एक नवी मुलगी होती. आल्यापासून जाईपर्यंत किंचाळायची, आणि निकितानं तिच्या आईला बाहेरच्या बाकावर बसवायला सुरुवात केली होती. त्याबद्दल मीही निकिताला अजून काही बोलले नव्हते. निकिता उठली, फोन घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर गेली. दार उघडं होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आंटी, नमस्ते. नहीं, नहीं, कुछ हुआ नहीं. मुझे आपसे पूछना था... आपको क्या लगता है, वो क्यों चिल्लाती है?"

पलीकडून उत्तर सुरू झालं असावं, कारण त्यानंतर निकिता काही बोलली नाही. शुभांगीनं पर्स उचलली, तिला बस गाठायची होती. पण निकिता जिन्यात बसली होती, वाटेतच, फोन कानाला घट्ट लावून. शुभांगीनं तिला उठवलं नाही. दाराशी उभी राहून ती थांबली.